अल्वाची लाल पाटी

स्कॉटलंडमधल्या मल बेटाच्या पश्चिमेला रस्ता एका छोट्या धक्क्यापाशी येऊन संपतो. समोर अरुंद खाडीसारखं पाणी आणि त्यापलीकडे अल्वा हे छोटं बेट, इतकं जवळ की तिथल्या पांढऱ्या घराच्या खिडक्या मोजता येतात. धक्क्यावर एक पांढरी पाटी लावलेली आहे आणि तिला एक सरकवायची फळी आहे. फळी बाजूला सरकवली की आतला लाल रंग उघडा पडतो, पलीकडच्या काठावरून होडीवाल्याला तो लाल चौकोन दिसतो, आणि तो होडी घेऊन तुम्हाला न्यायला येतो. बास. एवढीच सिस्टीम. अ‍ॅप नाही, तिकिटाची खिडकी नाही.

मी फळी सरकवली आणि उभी राहिले. वारा खूप होता, जॅकेटची टोपी डोक्यावर टिकत नव्हती, आणि दोन-तीन मिनिटं पलीकडे काहीच हललं नाही. मग एक माणूस धक्क्यावर आलेला दिसला, त्याने होडीचा दोर सोडला, आणि मला कळायच्या आत माझे डोळे भरून आले.

त्याचं कारण आधी सांगते. आमचं गाव मालवण तालुक्यातलं, खाडीकाठचं. लहानपणी मे महिन्यात आत्याकडे जायचं म्हणजे खाडी ओलांडायची, आणि खाडीवर तर होती, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी. होडी नेहमी नेमकी पलीकडच्या काठाला असायची. मग आजी पदर खोचून पाण्याच्या कडेला जायची, दोन्ही हात तोंडाभोवती धरायची आणि अशी हाळी द्यायची की माडावरचे कावळे उडायचे. थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडून बारीकसा “होऽऽय” असा आवाज यायचा. आजी लगेच पिशवी खाली ठेवून बसायची, कारण आता तो येणार हे नक्की. पुढे पूल झाला, होडी बंद झाली. पूल हवाच होता, पेशंटला रात्री घेऊन जायचं तर होडीने कसं नेणार. पण ते “होऽऽय” मी विसरलेच होते, आणि ते मला इतक्या लांब, स्कॉटलंडच्या एका धक्क्यावर, लाल रंगाच्या रूपात परत भेटलं.

ग्लासगोत राहायला लागून मला सहा वर्षं झाली. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही सगळे जातात तिथेच गेलो, एडिनबरा, लॉख नेस, स्काय. अर्गाईलकडे वळलो ते नंतर, आणि मग दुसरीकडे जावंसंच वाटेना. नकाशात बघितलंत तर स्कॉटलंडची पश्चिम किनारपट्टी फाटलेल्या कापडाच्या काठासारखी दिसते, धागे सुटलेले, मधे मधे पाणी घुसलेलं. अर्गाईल आणि ब्यूट हा त्यातला एक मोठा तुकडा. क्षेत्रफळ जवळजवळ ६,९०० चौरस किलोमीटर आणि माणसं २०११ च्या जनगणनेत ८८ हजार. आपला सिंधुदुर्ग ५,२०० चौरस किलोमीटरचा, आणि त्याच वर्षीची लोकसंख्या साडेआठ लाख. म्हणजे आमच्याहून मोठा प्रदेश आणि आमच्या एक दशांश माणसं, आणि तीही वीसेक बेटांवर आणि डझनावारी छोट्या गावांत विखुरलेली. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत अर्गाईल या नावाचा अर्थ गेल लोकांचा किनारा. किनारा आहेच, पण गेलिक बोलणारे आता फार थोडे उरलेत.

सगळ्याची सुरुवात ओबनपासून होते. ओबन म्हणजे छोटा उपसागर. आठ-साडेआठ हजार वस्तीचं गाव, पण आजूबाजूच्या बेटांसाठी हेच शहर, दवाखाना इथे, मोठं दुकान इथे, आणि बहुतेक फेरीबोटी इथूनच सुटतात. दारूची भट्टी १७९४ पासूनची, अगदी गावाच्या मध्यात, म्हणजे गाव तिच्याभोवतीच वाढलंय. १८८० साली रेल्वे आली आणि मग पर्यटक आले. गावाच्या डोक्यावर टेकडीवर एक गोल दगडी बांधकाम आहे, रोमच्या कलोसियमसारखं, आतून पोकळ. मकेग नावाच्या तिथल्याच एका बँकरने ते १८९७ मध्ये बांधायला घेतलं, घराण्याचं स्मारक म्हणून, आणि हिवाळ्यात गावातल्या गवंड्यांच्या हाताला काम मिळावं म्हणूनही. १९०२ मध्ये तो वारला आणि काम तिथेच थांबलं. लोक त्याला वेडेपणा म्हणतात. मला नाही तसं वाटत. ज्या गावात हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडतो तिथे पाच वर्षं गवंड्यांच्या घरात चूल पेटती राहिली, तर ते काम अर्धवट राहिलं तरी मला चालेल.

ओबनहून गाडी फेरीबोटीत चढवून पाऊण तासात मलवर. पुढचे रस्ते एकपदरी, समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने थांब्याच्या जागेत बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याने जाताना हात वर करायचा. प्रत्येक जण करतो. पहिल्या दिवशी मी शंभरेक वेळा हात वर केला असेल.

आणि डोंगर बघितल्यावर मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली, कारण ते आपलेच डोंगर होते. पायऱ्या पायऱ्यांचे, काळे, मधे हिरवे पट्टे, माथा सपाट. आंबा घाट चढताना दिसतात तसे. हा योगायोग नाही, दोन्हीकडे लाव्हाचे थर एकावर एक साचून हे डोंगर झालेत. दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, मलचा त्याच्यानंतरचा, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा, अटलांटिक उघडत होता तेव्हाचा. अल्वाच्या किनाऱ्यावर तर बेसॉल्टचे खांब आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला असतात तसे. फरक एवढाच की तिथे खांबांना बिल्डिंगा टेकल्यात आणि इथे समुद्र.

होडीवाल्याने पलीकडे उतरवलं, “शेवटची फेरी चुकवू नका” एवढंच म्हणाला, आणि आम्ही चालायला लागलो. अल्वावर डांबरी रस्ता नाही. सुरुवातीला मोठी झाडं, मग नेच्यांचं रान, कमरेएवढं, आणि मग दक्षिणेकडच्या किनाऱ्याने जाताना एका वळणावर भिंती दिसायला लागल्या. ओर्मेग नावाची वाडी. छप्पर एकाही घराला नाही. भिंती जाड, चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या, कोपरे गोल केलेले म्हणजे वारा अंगावरून सरकून जावा. एका घराच्या आत मी गेले. दाराची उंची माझ्या खांद्याएवढी उरलेली. आत जमिनीवर गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्या, एका भिंतीत छोटा कोनाडा, वीतभर रुंद, बरोब्बर उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. दिवा ठेवत असतील, नाहीतर काहीतरी रोज लागणारं. मी त्या कोनाड्यात हात घालून बघितला. आत दगड कोरडा होता, बाहेर सगळं ओलंचिंब असूनही.

घरांच्या मागे उतारावर लांबच लांब उंचवटे दिसत होते, एकाला एक समांतर, गवताखाली झाकलेले. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग लक्षात आलं की हे वाफे आहेत. बटाट्याचे. समुद्रातलं शेवाळ पाठीवर आणून मातीत घालून, फावड्याने माती दोन्ही बाजूंनी वर ओढून केलेले वाफे, कारण जमीन इतकी ओली आणि उथळ की दुसरं काही शक्यच नाही. पावणेदोनशे वर्षं कुणी तिथे फावडं लावलेलं नाही, आणि तरीही संध्याकाळच्या तिरक्या उन्हात प्रत्येक वाफा वेगळा दिसतो. आमच्याकडे पडीक कुणग्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, बांध असेच दिसतात, गवत कापल्यावर.

१८४१ मध्ये या बेटावर ५७० माणसं होती. १८८१ मध्ये ५३.

काय झालं ते समजून घ्यायला शेवाळाकडेच यावं लागतं. समुद्रातलं मोठं शेवाळ जाळून त्याची राख करायची, ती काच आणि साबणाच्या कारखान्यांना लागायची. नेपोलियनच्या लढायांच्या काळात बाहेरून माल येईना तेव्हा या राखेचा भाव चढला, आणि जमीनदारांना किनाऱ्यावर जितकी माणसं असतील तितकी हवी होती. लढाया संपल्या, स्वस्त माल परत यायला लागला, भाव कोसळला. आता तीच माणसं जास्त झाली. १८३५ मध्ये स्टर्लिंगच्या एका वकिलाने, फ्रान्सिस विल्यम क्लार्क त्याचं नाव, बेट विकत घेतलं. १८४६ ला बटाट्यावर रोग पडला, लोकांकडे भाडं द्यायला काही उरलं नाही, आणि त्याने वाड्यांमागून वाड्या रिकाम्या करायला सुरुवात केली, मेंढ्यांसाठी. छपरं पेटवून दिल्याच्या आठवणी तिथे अजून सांगतात. जे अगदी म्हातारे, आजारी, कुठे जाऊच शकत नव्हते त्यांना किनाऱ्यालगतच्या एका रांगेत नेऊन ठेवलं, आणि त्या घरांच्या रांगेला नाव पडलं उपासमारीची चाळ. नाव अधिकृत नाही, पण दीडशे वर्षं टिकलंय, आणि मला वाटतं अशा गोष्टींची खरी नोंद लोक अशीच ठेवतात.

आमचं गाव कुणी पेटवलं नाही. आम्ही आपणहून गेलो, आधी गिरणीत, मग ऑफिसात, मग परदेशात. हा फरक मोठा आहे आणि तो मला पुसायचा नाही, ज्यांना हाकललं त्यांचं दुःख आणि माझं गावच्या आठवणीने व्याकुळ होणं हे एका तागडीत घालायची माझी हिंमत नाही. पण २००१ ते २०११ या काळात अख्ख्या महाराष्ट्रात मुंबई शहर सोडलं तर लोकसंख्या कमी झालेले दोनच जिल्हे होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आमच्या वाडीत बावीस घरं आहेत, त्यातली नऊ वर्षभर उघडी असतात. बाकीची गणपतीत उघडतात. कुलूप काढल्यावर माजघरात जो वास येतो ना, कोंदट, वाळवीचा, जुन्या गोधड्यांचा, तो ज्यांना माहिती आहे त्यांना ओर्मेगच्या त्या कोनाड्यात हात घातल्यावर मला काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

अल्वाचा आणि आपला संबंध मात्र माझ्या मनातलाच नाही, खराखुरा आहे, आणि तो मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हता. १७६२ मध्ये या बेटावर लॅकलन मॅक्वारी जन्मला. गरीब घरातला, सैन्यात गेला, आणि १७८८ मध्ये मुंबईला उतरला. १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्विस नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं. तिला क्षय झाला. हवापालट म्हणून चीनकडे नेलं, तर १७९६ मध्ये मकाऊला ती गेली. त्याने तिचं शव तिथे ठेवलं नाही, जहाजाने परत मुंबईला आणलं आणि १७९७ च्या जानेवारीत मुंबईतच पुरलं. पुढे तो ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे तेव्हाच्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला, आणि मलवर जी जमीन घेतली तिला पहिल्या बायकोच्या नावावरून जार्विसफील्ड नाव दिलं. त्याची समाधी अल्वाला येतानाच्या वाटेवर ग्रुलीनला आहे, मेंढ्यांच्या कुरणात, गोल भिंतीच्या आत, ‘ऑस्ट्रेलियाचा जनक’ असं त्यावर कोरलंय. देखभाल ऑस्ट्रेलियातून होते.

हे वाचून भरून येतं आणि मग पुढचंही वाचावं लागतं. याच माणसाने कोचीनला दोन लहान मुलगे विकत घेतले होते. त्यातला एक, जॉर्ज जार्विस, नाव जेनच्याच माहेरचं, आयुष्यभर त्याच्यासोबत नोकर म्हणून फिरला, भारत, ऑस्ट्रेलिया, आणि शेवटी स्कॉटलंड. आणि १८१६ मध्ये मॅक्वारीच्या हुकमाने निघालेल्या सैनिकांनी ऑस्ट्रेलियातल्या ॲपिन नावाच्या ठिकाणी तिथल्या आदिवासींना मारलं, त्यात बायका होत्या, मुलं होती. त्याच्या जन्माच्या बेटावरून माणसं हाकलली गेली ती हे सगळं होऊन गेल्यानंतर. मी समाधीपाशी बराच वेळ उभी होते आणि त्या कोचीनच्या मुलाला या पावसात, या थंडीत, पहिल्या दिवशी काय वाटलं असेल याचाच विचार करत होते.

दुसरा धागा नाशिकचा. डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिकेत फिरला तो, त्याचे आजोबा अल्वाचे. १७९२ मध्ये बेट सोडून ग्लासगोजवळ ब्लँटायरला सूतगिरणीत कामाला गेले. (गिरणी! आमच्या पणजोबांची गोष्ट.) नातू मिशनरी झाला. तिकडे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूरला शाळा होती, आणि तिथे शिकलेली मुलं लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेली. १८७३ मध्ये तो वारला तेव्हा ज्या माणसांनी त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं त्यात नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. अल्वा, ब्लँटायर, शरणपूर. शरणपूर रोडवर माझी मावसबहीण राहते. तिला फोटो पाठवला आणि हे सगळं लिहून कळवलं तर तिचा उलट मेसेज, “अगं मी रोज तिथून भाजी आणते.”

आता अल्वाची आजची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. २०१७ मध्ये बेट विकायला निघालं. तेव्हा तिथे जेमतेम अर्धा डझन माणसं राहत होती. स्कॉटलंडमध्ये २००३ चा जमीन सुधारणा कायदा आहे, त्याने गावकऱ्यांच्या संस्थेला जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क मिळतो. मलच्या वायव्य भागातल्या लोकांची जंगल सांभाळणारी एक संस्था होती, तिने अर्ज केला, सरकारी निधीतून मोठा वाटा मिळाला, बाकीची वर्गणी, आणि २०१८ च्या जूनमध्ये बेट लोकांचं झालं. खाजगी मालकी संपली. मग रिकाम्या घरांची दुरुस्ती, आणि कुटुंबं राहायला यावीत म्हणून धडपड.

त्याच्या आधीपासून अलीकडच्या काठावर, मलच्या बाजूला, आणखी एक काम चालू होतं. फेरीच्या धक्क्याजवळ एक छोटी प्राथमिक शाळा आहे, अल्वाच्याच नावाची. मुलं कमी म्हणून ती बंद करायची वेळ आली तेव्हा लोक भांडले आणि शाळा वाचली, आणि मग ते तेवढ्यावर थांबले नाहीत, शाळेत मुलं हवीत तर इथे आईबाप राहायला हवेत, आणि आईबाप राहायचे तर परवडणारं घर हवं, म्हणून त्यांनी तिथेच दोन घरं बांधली, भाड्याने द्यायला. दोन. मोठा गृहप्रकल्प वगैरे नाही. दोन घरांनी शाळेचा पट बदलतो अशी ही गावं आहेत. मी त्या घरांसमोरून चालत गेले, अंगणात मुलांच्या सायकली आडव्या पडल्या होत्या, एकीला गुलाबी झिरमिळ्या.

टोबरमोरी, आयोना हेही बघितलं. टोबरमोरी १७८८ मध्ये मासेमारीसाठी आखून वसवलेलं गाव, बंदरावरची रंगीत घरं कॅलेंडरवर असतात तशीच दिसतात. आयोनाला ५६३ मध्ये आयर्लंडहून संत कोलंबा आले, मठ आहे, शांत आहे, पण दिवसा फार गर्दी. या दोन्हींवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझं मन राहिलं ते ईझडेलवर. परत जाताना ओबनच्या दक्षिणेला वळलो. सील बेटाला जोडणारा १७९० च्या दशकातला एक कमानीचा पूल आहे, खालून अटलांटिकचं पाणी जातं, तो ओलांडून टोकाला गेलं की एलनबीच, आणि तिथून दोन मिनिटांची छोटी होडी. ईझडेल सगळं पाटीच्या दगडाचं, जिथे पाय ठेवाल तिथे पातळ काळ्या चिपा. इथल्या कौलांनी जगभरातली छपरं शाकारलीत. खाणी समुद्रसपाटीच्याही खाली खोल खणलेल्या होत्या, मधे फक्त दगडाची भिंत. १८८१ च्या नोव्हेंबरात मोठं वादळ आलं, समुद्र खाणींत घुसला, आणि शेकडो माणसांचं काम एका रात्रीत गेलं. आज साठेक जण राहतात. गाडी एकही नाही, रस्ताच नाही. धक्क्यावर एकचाकी ढकलगाड्या ओळीने उभ्या केलेल्या, घरांचे नंबर रंगवलेल्या. एक बाई होडीतून उतरली, आपली गाडी शोधली, त्यात दुधाचे कॅन, कुत्र्याच्या खाण्याची मोठी पिशवी आणि एक गुंडाळलेलं कार्पेट घातलं, आणि खडखड करत निघून गेली. होडी बोलवायला तिथे भोंगा आहे, बटण दाबायचं. म्हणजे पाटी, भोंगा, हाळी, ज्याला जे सुचलं ते.

बुडालेल्या खाणीत आता दर सप्टेंबरला पाण्यावर चिप्पी फेकून टप्पे घ्यायची जागतिक स्पर्धा होते. जगभरातून माणसं येतात. चिप्पी बेटावरचीच हवी आणि तीन इंचांपेक्षा मोठी चालत नाही. पैसा बेटाच्या कामाला जातो. आम्ही गेलो तेव्हा स्पर्धा नव्हती, खाण रिकामी, पाणी काळंभोर स्थिर. नवऱ्याने एक चिप्पी मारली, सात टप्पे. माझे तीन.

त्या रात्री काकांना फोन केला. ते गावीच असतात, वर्षभर उघड्या नऊ घरांपैकी एक त्यांचं. मी लाल पाटीचं सांगितलं, पाचशे सत्तरचे त्रेपन्न कसे झाले ते सांगितलं, मग ती दोन घरं. ते ऐकत होते, मधे हूं म्हणत होते, मागे रातकिडे ओरडत होते ते मला ग्लासगोत ऐकू येत होते. मग म्हणाले, “मग थंय आता पोरां असत शाळेत?” म्हटलं असत, थोडी असत, सायकली बघितल्या मी. थोडा वेळ गप्प. आमच्या वाडीच्या शाळेत या वर्षी चार मुलं आहेत हे त्यांनीच मला गणपतीत सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं ती घरं केवढी आहेत, किती खोल्यांची, आणि भाडं साधारण किती, आणि थांब म्हणाले, पेन घेऊन येतो.